कैद्याने लघवीचा नमुना द्यायला नकार दिला तर: शिक्षा किती, कशी, आणि वाद नेमका कुठे

उंबरठा (धागाकर्ती)

दुसऱ्या एका धाग्यावर कुणीतरी विचारलं होतं, "नमुनाच दिला नाही तर नशा सिद्ध कशी होणार? मग शिक्षा कशाची?" प्रश्न तिथे वाहून गेला, म्हणून हा वेगळा धागा.

चर्चा अमेरिकेच्या फेडरल तुरुंगांपुरती ठेवू. इंग्लंड-वेल्सचे नियम तुलनेला चालतील. अमेरिकेतल्या राज्यांची पुस्तकं वेगवेगळी आहेत, ती इथे उघडू नका.

छोटं उत्तर असं: शिक्षा नशेची नसतेच, नकाराची असते. फेडरल तुरुंग खात्याच्या शिस्त-तक्त्यात (२८ सीएफआर म्हणजे फेडरल नियमसंग्रहाचा २८वा विभाग, कलम ५४१.३) गुन्ह्यांच्या चार पायऱ्या आहेत. सगळ्यात वरच्या पायरीवर १०० पासूनचे क्रमांक येतात: खून, पलायन, दंगल, शस्त्र. त्याच पायरीवर क्रमांक ११० आहे. लघवीचा नमुना न देणं, श्वासयंत्रात न फुंकणं आणि नशेच्या इतर कुठल्याही तपासणीला नकार, हे तिन्ही त्यात येतं. प्रत्यक्ष नशा केल्याचा क्रमांक ११२. म्हणजे पायरी एकच, शिक्षांची यादीही एकच. "नाही म्हणून सुटू" हा हिशेब पहिल्याच पानावर फसतो.

कलमदान

मूळ धाग्याला पुस्ती. साधा हुकूम मोडला तर क्रमांक ३०७ लागतो, तो मधल्या पायरीवरचा. तिथे एकांत कोठडी जास्तीत जास्त ३ महिने. वरच्या पायरीला १२ महिने. कैद्यांचा नेहमीचा बचाव असा असतो, "मी फक्त हुकूम ऐकला नाही, ३०७ लावा." पण ३०७ च्या मजकुरातच ही वाट बंद केली आहे. हुकूम ज्या प्रकारचा, त्या प्रकारचा वरचा क्रमांक लावता येतो, आणि उदाहरणांमध्ये नमुन्याचा नकार स्पष्ट लिहून पुढे ११० दिला आहे.

आता यादी. वरच्या पायरीला सुनावणी अधिकारी (सगळे डीएचओ म्हणतात) यातलं एक किंवा अनेक देऊ शकतो:

चांगल्या वर्तनाच्या माफीचे दिवस कापणं, फर्स्ट स्टेप कायद्याखाली (२०१८ चा फेडरल तुरुंग-सुधारणा कायदा) मिळवलेल्या दिवसांपैकी ४१ पर्यंत काढून घेणं, १२ महिन्यांपर्यंत एकांत, दंड, मुलाकात, फोन, कँटीन बंद, काम काढून घेणं, बराक बदलणं, चालू कार्यक्रमातून नाव कमी करणं, वैयक्तिक सामान जप्त करून ठेवणं, जादा काम.

बाहेरून बघणाऱ्याला यात एकांत सगळ्यात भयंकर वाटतो. कैद्याला विचाराल तर तो माफीचे दिवस म्हणेल. एकांत संपला की संपला, कापलेले दिवस थेट सुटकेच्या तारखेला जाऊन चिकटतात.

तळघर

४१ दिवस हा आकडा सगळीकडे दिसतो. पण तक्त्यात वर्षाच्या माफीतून "सर्वसाधारणपणे ५० ते ७५ टक्के, म्हणजे २७ ते ४१ दिवस" असं आहे ना? मग ४१ ही कमाल मर्यादा झाली.

कलमदान

तक्ता एकटा वाचला तर तसंच वाटतं, आणि इथेच बरेच जण गंडतात. पुढचं कलम ५४१.४ वाचा. वर्षाला ५४ दिवसांच्या माफीचा आजचा हिशेब ज्यांना लागू आहे, त्यांना वरच्या पायरीच्या प्रत्येक कृत्याला किमान ४१ दिवस गमवावे लागतात. वर्ष अर्धवट असेल आणि ५४ दिवस उपलब्धच नसतील, तर जे असतील त्यांचे ७५ टक्के. थोडक्यात, बहुतेकांना ४१ हा तळ आहे, छत नाही. ५४ तून ४१ गेले, हाती १३.

आणखी दोन गोष्टी. एक, माफी कापण्याची शिक्षा स्थगित ठेवता येत नाही. एकांत किंवा मुलाकातबंदी "पुढे नीट वागलास तर लागू करणार नाही" म्हणून बाजूला ठेवता येते, ही नाही. दोन, त्या वर्षाची माफी न देणं वेगळं आणि आधी जमलेली पण अजून पक्की न झालेली माफी जप्त करणं वेगळं. वरच्या पायरीला दुसरी शिक्षा १०० टक्क्यांपर्यंत जाते. एप्रिल १९९६ च्या कायद्यानंतरच्या कैद्यांची माफी सुटकेच्या दिवशीच पक्की होते. त्यामुळे आठ वर्षं जमवलेले दिवसही शेवटपर्यंत टांगलेलेच.

उंबरठा

यात व्यसनमुक्तीचा निवासी कार्यक्रम जोडा. तो सुमारे ५०० तासांचा असतो आणि पूर्ण केला तर पात्र कैद्याला १२ महिन्यांपर्यंत लवकर सुटका मिळू शकते. या कार्यक्रमात असताना डीएचओने १०० च्या मालिकेतला कुठलाही गुन्हा शाबीत धरला, तर ताबडतोब बाहेर काढायचं असा नियम आहे. नशेचा पुरावा शून्य असला तरी ११० हा १०० च्याच मालिकेतला. म्हणजे ४१ दिवस एका बाजूला आणि हातातोंडाशी आलेलं वर्ष दुसऱ्या बाजूला.

रात्रपाळी

शिक्षा कळली. पण "नकार" कशाला म्हणायचं? तोंडाने नाही म्हणणारे फार थोडे. बाकीचे म्हणतात "होत नाहीये".

उंबरठा

सगळा धागा खरं तर या एका प्रश्नासाठी काढला आहे. नियम २८ सीएफआर ५५०.३१. त्यातले टप्पे:

नमुना मागितला जातो. त्या क्षणापासून २ तास. सुरुवातीलाच ८ औंस पाणी देऊ करायचं, म्हणजे साधारण २४० मिली. पूर्ण नमुना मिळेपर्यंत किंवा वेळ संपेपर्यंत कैद्यावर थेट नजर ठेवायची, म्हणजे पाणी मिसळणं किंवा दुसऱ्याचा नमुना देणं टळतं. नजर ठेवणारा कर्मचारी त्याच लिंगाचा हवा.

कैदी स्पष्ट शब्दांत "देणार नाही" म्हणाला तर दोन तास थांबायचीही गरज नाही, तिथल्या तिथे अहवाल लिहिता येतो. काहींना वाटतं की नाही म्हटलं तरी दोन तास आपलेच आहेत, तोवर मन बदलता येईल. तसं नाही. मन बदललं आणि कर्मचाऱ्याने नमुना घेतला तर घेतला, हक्क नाही.

आणि कैदी काहीच बोलला नाही, नुसता बसून राहिला आणि दोन तास संपले? तर तो "देण्यास तयार नव्हता" असं गृहीत धरलं जातं. हे गृहीतक सुनावणीत खोडून काढता येतं, तसं नियमातच लिहिलं आहे. पण खोडायचं ओझं कैद्यावर.

काचनळी

शरीराच्या बाजूने बघा, कारण सुनावणीत हेच आकडे लागतात.

मूत्रपिंडं साधारण वजनाच्या किलोमागे तासाला अर्धा ते एक मिली लघवी तयार करतात. ७० किलोच्या माणसाची तासाला ३५ ते ७० मिली. आताच मोकळा होऊन आला असेल आणि पाणी कमी प्यायलेला असेल, तर दोन तासांत मूत्राशयात जेमतेम ७० मिली. बहुतेकांना पहिली जाणीव १५० मिलीच्या आसपास होते. वर २४० मिली पाणी प्यायलं तर दोन तासांत त्यातलं बरंचसं खाली उतरतं. त्यामुळे निरोगी माणसाला दोन तास सहसा पुरतात, पण "सहसा" हा शब्द महत्त्वाचा.

कुठे पुरत नाहीत? प्रोस्टेट वाढलेला असेल तिथे. डायलिसिसवरच्या काही रुग्णांना लघवी जवळजवळ होतच नाही. अमिट्रिप्टिलिन आणि डायफेनहायड्रामिनसारखी औषधं मूत्राशय आकुंचन पावू देत नाहीत, आणि दोन्ही सर्रास दिली जातात. शिवाय लज्जामूत्र, वैद्यकीय नाव पॅरुरेसिस: मूत्राशय भरलेलं असतं पण कुणी बघत असेल तर बाहेरचा झडप-स्नायू सैल होत नाही. अशा माणसाला आणखी पाणी पाजल्याने प्रश्न सुटत नाही, दुखणं वाढतं. नजर हटवली तर मात्र सुटतो.

रात्रपाळी

नजर हटवली की भेसळीला वाट मोकळी. मग यंत्रणेने करायचं काय?

काचनळी

कोरडी खोली. आत नळ नाही, संडासात पाणी नाही, जाण्याआधी अंगझडती. मिसळायला काही नसेल तर टक लावून बघायची गरज उरत नाही. शिवाय नमुना स्वतः बोलतो. ताज्या लघवीचं तापमान ३२ ते ३८ अंश सेल्सिअस असायला हवं, आणि ते चार मिनिटांच्या आत बघायचं. क्रिएटिनिन (लघवीत नेहमी असणारा शरीराचा टाकाऊ पदार्थ) २० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या खाली आणि विशिष्ट गुरुत्व १.००३ च्या खाली असेल तर नमुना पातळ. क्रिएटिनिन २ च्या खाली गेलं तर ते माणसाच्या लघवीशी जुळत नाही. हे नोकरीच्या ठिकाणच्या फेडरल तपासणीचे निकष आहेत, पण नमुना खरा की खोटा हे ओळखण्याचं शास्त्र सगळीकडे तेच.

बिनगाऊन

काचनळींचा प्रतिसाद उत्तम, पण एक गोष्ट ठळक करतो. पॅरुरेसिस असो वा प्रोस्टेट, कागद नमुना मागण्याच्या आधीचा हवा. अहवाल लागल्यानंतर दवाखान्यात जाऊन लिहून आणलेला आजार डीएचओ ऐकतो आणि बाजूला ठेवतो. त्याचं म्हणणं अगदीच चूक नसतं, कारण आजाराची नोंद आदल्या दिवसापर्यंत कोरी असते.

आता कागदाचा प्रवास. घटना समजल्यापासून सहसा २४ तासांत अहवाल कैद्याच्या हाती. याला तिथे बोलीत "शॉट" म्हणतात. मग चौकशी. चौकशीत गप्प राहण्याचा हक्क आहे, पण गप्प राहण्यातून प्रतिकूल अर्थ काढता येतो. नुसत्या मौनावर मात्र दोषी ठरवता येत नाही (बॅक्स्टर विरुद्ध पाल्मिजियानो, १९७६). ११० असेल तर गप्प राहण्यात पराभव ठरलेलाच, कारण "दोन तासांत नमुना नाही" हा अहवाल समोर असतो आणि गृहीतक खोडायला बोलावंच लागतं. इथे मौन म्हणजे कबुलीच्या शेजारचं घर.

सहसा ५ कामाच्या दिवसांत युनिटची समिती अहवाल बघते. ११० तिच्या हाताबाहेरचा, तो डीएचओकडे जातोच. सुनावणीच्या किमान २४ तास आधी लेखी सूचना, साक्षीदार बोलावण्याचा आणि कागदपत्रं दाखवण्याचा हक्क, कर्मचाऱ्यांपैकी एक मदतनीस, आणि लेखी निर्णय कारणांसह. गाभा वूल्फ विरुद्ध मॅकडॉनेल, १९७४. वकील मिळत नाही.

न्यायालयात गेल्यावर कसोटी आणखी खाली येते. सुपरिंटेंडंट विरुद्ध हिल (१९८५) प्रमाणे निर्णयामागे "काहीतरी पुरावा" असला की पुरे. नकाराच्या प्रकरणात कर्मचाऱ्याचा सही केलेला अहवाल हाच तो काहीतरी पुरावा. म्हणून सांगतो, लढाई डीएचओसमोर. पुढे फारसं काही उरत नाही.

तळघर

मग पॉझिटिव्ह नमुन्याला लढायला जास्त जागा आहे असं म्हणायचं का? विचित्र वाटतं.

काचनळी

विचित्र आहे, पण खरं आहे. नमुना असला की त्याच्याशी भांडता येतं. बाटली समोर सील केली का, चिठ्ठीवरचा क्रमांक आणि नोंदवहीतला क्रमांक एक आहे का, हस्तांतराच्या नोंदीत तासांची फट आहे का. पहिली चाचणी प्रतिपिंडांवर चालते आणि ती फसू शकते: लॅबेटॅलॉल किंवा ब्युप्रोपियॉन घेणाऱ्याला ॲम्फेटामिन दाखवते, एफाविरेंझवर गांजा. गॅस क्रोमॅटोग्राफी-मास स्पेक्ट्रोमेट्री (नेमका रेणू ओळखणारी पक्की चाचणी) केली की हे गळून पडतं. शिवाय औषध लिहून दिलेलं असेल तर पॉझिटिव्ह निकाल समर्थनीय आहे का हे तपासण्याची जबाबदारी नियमाने कर्मचाऱ्यांवरच टाकली आहे.

नकारात यातलं काहीही नाही. जो खरोखर स्वच्छ आहे, त्याच्या बाजूने उभी राहू शकली असती अशी एकमेव गोष्ट म्हणजे ती बाटली, आणि ती भरलीच नाही. गंमत अशी की कृत्रिम गांजाचे बरेच प्रकार नेहमीच्या गांजाच्या चाचणीत दिसतच नाहीत, म्हणजे ते घेतलेला माणूस नमुना देऊन सुटूही शकतो आणि स्वच्छ माणूस नकारात अडकतो.

टेम्सकाठ

इंग्लंड-वेल्सचं सांगतो, चित्र बरंच वेगळं आहे. सक्तीच्या चाचणीचा अधिकार १९५२ च्या तुरुंग कायद्यातल्या कलम १६अ मधून येतो. ते कलम १९९४ च्या कायद्याने घातलं. तपशील तुरुंग नियम १९९९, नियम ५०.

तिथे नकाराला स्वतंत्र गुन्हा नाही. नियम ५१(२२), म्हणजे कायदेशीर हुकूम मोडणं, हाच आरोप लागतो. अमेरिकेत ३०७ ची जी वाट बंद केली, तीच इथे मुख्य रस्ता आहे. त्यामुळे तीन गोष्टी सिद्ध कराव्या लागतात: हुकूम कायदेशीर होता, कैद्याला तो समजला, आणि त्याने तो मोडला. कसोटी वाजवी शंकेपलीकडची.

"कायदेशीर" शब्दावर बरंच अडतं. चाचणीची कारणं ठरलेली आहेत: यादृच्छिक निवड, वाजवी संशय, जोखीम, वारंवार चाचणीचा कार्यक्रम, दाखल होताना. कागदावर "यादृच्छिक" लिहिलं आणि प्रत्यक्षात एखाद्या अधिकाऱ्याने डोळ्यांवर आलेला माणूस उचलला, तर हुकूमच डळमळतो. शिवाय नियम ५०(३) नुसार शक्य तिथे दोन वाक्यं सांगावीच लागतात: ही मागणी कलम १६अ खाली आहे, आणि नकार दिलास तर शिस्तभंगाची कारवाई होऊ शकते.

वेळ २ नव्हे, ५ तासांपर्यंत. लघवी होत नाही म्हणणाऱ्याला तेवढा वेळ इतरांपासून वेगळं ठेवता येतं, त्याहून जास्त नाही. दर तासाला एक तृतीयांश पिंट, सुमारे १९० मिली पाणी. भेसळ रोखण्याला बाधा येणार नाही इतका आडोसा द्यायचा, आणि विरुद्ध लिंगाच्या व्यक्तीच्या नजरेसमोर नमुना मागायचा नाही.

बिनगाऊन

आणि शिक्षा? तुरुंगातले जादा दिवस गव्हर्नर (तिथे तुरुंगाचा प्रमुख) देऊ शकत नाही ना?

टेम्सकाठ

नाही. ईझे आणि कॉनर्स खटल्यात स्ट्रासबर्गच्या युरोपीय मानवी हक्क न्यायालयाच्या मोठ्या पीठाने ऑक्टोबर २००३ मध्ये पक्कं केलं, की सुटकेची तारीख पुढे ढकलणारी शिक्षा म्हणजे फौजदारी आरोपच. तिथे वकील हवा. गव्हर्नर २१ दिवसांपर्यंत कोठडीबंदी देऊ शकतो, ४२ दिवसांपर्यंत सवलती काढू शकतो, ८४ दिवसांपर्यंत कमाई थांबवू शकतो. जादा दिवस हवेत तर प्रकरण स्वतंत्र न्यायनिर्णायकाकडे, म्हणजे जिल्हा न्यायाधीशाच्या दर्जाच्या माणसाकडे पाठवायचं. तो ४२ दिवसांपर्यंत देतो.

४१ आणि ४२, आकडे शेजारचे. पण एक न्यायाधीश देतो, वकिलासमोर, वाजवी शंकेपलीकडे. दुसरा खात्याचाच अधिकारी देतो. माझ्या मते सगळा फरक इथे आहे, तासांमध्ये नाही.

कलमदान

सहमत. आणि सुटकेनंतरची एक गोष्ट कुणी लिहिली नाही, म्हणून लिहितो. फेडरल शिक्षेनंतर देखरेखीखालची सुटका असते. १८ यूएससी (फेडरल कायदेसंग्रह) ३५८३(जी) मध्ये न्यायालयाने ती रद्द करून परत आत पाठवलंच पाहिजे अशी चार कारणं आहेत. एक आहे वर्षभरात तीनपेक्षा जास्त वेळा पॉझिटिव्ह येणं. दुसरं, अटीत असलेल्या चाचणीला नकार. नकाराच्या पुढे आकडा नाही. एकदा पुरे. शिवाय चाचणीत नापास झालेल्याला उपचाराकडे वळवायची मुभा न्यायालयाला आहे. ती सवलत नापास होणाऱ्यासाठी लिहिली आहे, चाचणीच टाळणाऱ्यासाठी नाही.

तळघर

म्हणजे मूळ प्रश्न विचारणाऱ्याच्या तर्काच्या बरोबर उलट.

रात्रपाळी

व्यवहाराचं विचारतो. अहवालात काय नसेल तर अपिलाला दम येतो?

बिनगाऊन

क्रमाने नाही, जसं सापडतं तसं सांगतो.

मागणीची वेळ लिहिलेली नसणं. "सकाळी नमुना मागितला, दिला नाही" अशा वाक्यातून दोन तास कुठून कुठे हे कळत नाही. पाणी देऊ केल्याची नोंद नसणं. मधे पाळी बदलली आणि नजर कुणाची होती ते तुटलेलं असणं, विशेषतः दुसऱ्याने सही केलेली नसणं. कैद्याने आजार सांगितला आणि डीएचओच्या निर्णयात त्यावर एक ओळही नसणं. यातलं शेवटचं सगळ्यात वजनदार, कारण गृहीतक खोडायची संधी नियमाने दिली आहे आणि ती ऐकलीच गेली नाही असं दिसतं.

सावधगिरी मात्र ठेवा. खात्याने स्वतःचा नियम पाळला नाही, एवढ्याने न्यायालय सहसा निर्णय मोडत नाही. त्यामुळे बचाव बिघडला हे दाखवावं लागतं. खात्यातल्या अपिलात हेच मुद्दे जास्त चालतात. निर्णय मिळाल्यापासून २० दिवसांत प्रादेशिक संचालकाकडे बीपी-१० अर्जावर, तिथे नाकारलं तर ३० दिवसांत मुख्य विधी कार्यालयाकडे बीपी-११ वर. दोन्ही पायऱ्या चढल्याशिवाय न्यायालयाचं दार वाजवू नका.

काचनळी

आणि आजार असणाऱ्याने मागणीच्या वेळीच, पहिल्या पाच मिनिटांत, "द्यायची तयारी आहे, समोर कुणी असताना होत नाही, कोरड्या खोलीत देतो" हे वाक्य म्हणावं आणि ते अहवालात लिहून घ्यायला सांगावं. दोन तास संपताना म्हटलेलं तेच वाक्य सबब वाटतं.

तळघर

शेवटचा प्रश्न. दोन तास मागितल्यापासून की खोलीत नेल्यापासून? बराकीतून तिथवर चालायलाच वेळ जातो, मधे गेट असतात, मोजणी चालू असेल तर थांबावं लागतं.

उंबरठा

नियमाचे शब्द मागणीपासूनचे आहेत. म्हणजे गेटवर उभं राहण्यात गेलेली वीस मिनिटं कैद्याच्याच खात्यातली. पण पाणी "दोन तासांच्या सुरुवातीला" द्यायचं हेही त्याच कलमात आहे. खोलीत पोहोचल्यावर पाणी दिलं आणि घड्याळ मात्र बराकीतून लावलं, तर दोन्ही एकाच वेळी बरोबर असू शकत नाहीत. अहवालात या दोन वेळा शेजारी शेजारी लिहिलेल्या असतील तर पहिल्यांदा तेवढंच बघा.